पाठ समुद्राला, तोंड घराकडं

माणूस कसा आहे हे ओळखायची आत्याची एकच रीत होती. त्याच्या घरच्या पाण्यात आपला तांदूळ शिजवून बघायचा. भात मोकळा झाला तर माणूस सरळ, गिचका झाला तर माणसाच्या मनात काहीतरी आहे, आणि तळाला लागला तर त्या घरची पायरी पुन्हा चढायची नाही. हे शास्त्र तिला कुणी शिकवलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या यजमानांना सगळे तात्या म्हणत. एरवी दिवसाकाठी मोजकं बोलणारे तात्या हा विषय निघाला की मिशीत हसत. "आमच्यात पोरगा पोरीला बघाला जातो. आमच्या येळंला हीच माज्या घरी आलती, पदराला पसाभर तांदूळ बांदून. मी पास झालो तो आमच्या विहिरीमुळं."

ती माझी आत्या नव्हे, मी तिची भाडेकरू. कर्जतहून कळंबकडे जाताना रस्त्याला लागून एक गाव आहे. तिथं तिचं घर, घरामागं विहीर आणि विहिरीमागं भाताची खाचरं. अख्खा गाव तिला आत्या म्हणे, म्हणून मीही. मी सोलापूरकडची, कर्जतच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून नव्यानं लागलेली. वरच्या मजल्यावरची खोली बघायला गेले तेव्हा माझं गाव कुठलं, लग्न झालंय की नाही, पगार किती, यातलं तिनं काही म्हणता काही विचारलं नाही. मला ओट्यावर बसवून आत गेली ती बऱ्याच वेळानं ताटात भात घेऊन बाहेर आली. नुसता भात. वर आमटी नाही, शेजारी लोणचं नाही.

"खा."

"नुसता?"

"नुसताच खाऊन बग. कालवनात कुनीबी फसतं."

मी खाल्ला. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला भातातलं काय डोंबल कळणार? "छान आहे," मी म्हटलं. पाढे न येणाऱ्या पोराकडे मी वर्गात जशी बघते, तशी ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत वळून तात्यांना म्हणाली, "भाकरीचं मानूस हाय. पन ताट चाटून पुसून ठेवलंय. ठेवू या हिला." अशी मला खोली मिळाली, आणि त्या दिवसापासून माझं नाव मास्तरीण पडलं.

शनिवार उजाडला की आमच्या रस्त्यावरून मुंबईच्या गाड्या सुरू होत. कळंबच्या अंगाला रिसॉर्टं उठली होती आणि प्रत्येकाच्या पाटीवर निळंशार पाणी नि त्यात पाय सोडून बसलेली माणसं. आत्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली असे आणि त्या गाड्यांकडे बघून मनापासून हळहळे. "बिचारी! दारात एवडा समुद्र, आन् इकडं डबक्यात पोवाला येतात." एकदा एक गाडी रस्ता विचारायला दाराशी थांबली. आत्यानं रिसॉर्टचा रस्ता सांगितलाच नाही. ती गाडीतल्या बाईला समजावत बसली, की बाय गं, तसल्या पाण्यात औषध मारलेलं असतं, डोळे चुरचुरतात. त्यापेक्षा गाडी वळव, खोपोलीवरून पेनला जा, पेनवरून वडखळ, पुडं अलिबाग, तिथं कुनीबी सांगंल. बाईनं गोड हसून काच वर केली आणि गाडी पुढं गेली. मला वाटलं आत्या चिडेल. ती म्हणाली, "लहान हाय अजून. येईल अक्कल."

तिचं स्वतःचं समुद्राला जाणं वर्षातून एकदाच. झोडणी आटोपली, भात कणगीत पडला, की आपल्या शेतात राबलेल्या सगळ्या बायकांना टेंपोत घालून ती समुद्राला नेई. मजुरी वेगळी, समुद्र वेगळा. "ज्या बाईनं माज्या चिखलात पाय बुडवले, तिला खाऱ्या पान्यात पाय धुवाला न्यायचं काम माजं," असं ती इतक्या ठासून सांगे, की ऐकणाऱ्याला वाटावं हे सातबाऱ्यावरच चढवलेलं आहे. टेंपो तिच्या भाच्याचा, भरतचा. तो कुंभिवलीचा, एरवी हायवेवरच्या कंपन्यांचा माल वाहायचा. टेंपोत बसायचा मानही ठरलेला होता. लावणीत जिचा हात सगळ्यांत चपळ, ती ड्रायव्हरशेजारी. मग उतरत्या क्रमानं बाकीच्या. तात्या सगळ्यांत मागं, भात शिजवायचे टोप आणि सरपण यांच्या सोबतीला. पहिल्या वर्षी मला तात्यांच्याही मागं जागा मिळाली, कारण मी चिखलात पायच घातला नव्हता. दुसऱ्या वर्षी ईर्ष्येनं एक दिवस लावणीला उतरले. दुपारपर्यंत कंबर धरली, माझ्या ओळी साप गेल्यासारख्या वाकड्या झाल्या, बायका हसून हसून चिखलात बसल्या. पण सहलीच्या दिवशी माझी जागा एका टोपानं पुढं सरकली. नोकरीत कायम झाल्याचा आनंदसुद्धा मला एवढा झाला नव्हता.

कुठल्याही गावी गेलो तरी टेंपो थेट वाळूवर न्यायचा नाही, हा तिचा दंडक. "आदी मानूस, मंग समुद्र. समुद्र काय पळून जातो?" गावात शिरायचं, एखादं विहिरीचं घर बघायचं, दारात जाऊन घागरभर पाणी मागायचं, अंगणात परवानगीनं तीन दगड मांडायचे आणि आपला तांदूळ शिजत घालायचा. तांदूळ नेहमी जुना. नवा तांदूळ कुठंही चिकटतो, त्यानं परीक्षा होत नाही, असं तिचं म्हणणं. दुसरं कुणी असं बायकांचं लटांबर घेऊन दारात उभं राहिलं असतं तर लोकांनी कुत्रं सोडलं असतं. पण आत्या पाणी अशा थाटात मागे, की देणाऱ्याला वाटावं आपण हिचं काहीतरी देणं लागतो. निघताना ती त्या घरी शेर-दोन शेर तांदूळ ठेवी, ते लोक नारळ, सुपारी, पांढऱ्या कांद्याची माळ असं काहीबाही टेंपोत टाकत. होता होता अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत गावोगाव तिचं एकेक घर झालं.

आणि गावोगावची तिची मतंही. टेंपोत परतताना ती निकाल लावी आणि बायका माना डोलवत. अलिबाग म्हणजे थोरली जाऊ, पाहुण्यांचं करून करून कावलेली. "पन भात मोकळा होतो. आन् ओव्होटीला किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. पायाला शंख टोचतात, तेवडं सोसायचं." नागाव धाकटी, लाडावलेली, तिथं नारळी-पोफळीच्या वाड्यांतली सावली इतकी गार, की समुद्राला जायचं राहूनच जातं. मुरुड मानी. आपला पाण्यातला किल्ला लांबून दाखवणार आणि जवळ जायचं तर शिडाच्या होडीवाल्याची मर्जी धरायला लावणार. श्रीवर्धनचे लोक सुपारी आणि शब्द दोन्ही बारीक कातरून देतात. दिवेआगरला किनारा एवढा लांब, की बोलायला माणूस शोधावं लागतं. काशीदबद्दल तिचं मत विचारलं तर म्हणे, "रूप बघावं तर काशीदचं. वाळू बग, पीठ चाळल्यासारकी. पन पानी मागितलं तर बाटली इकत देतात. ते परीक्षेला बसलंच नाय."

भात खाऊन झाला की मग समुद्र. आणि इथं खरी गंमत होती. आत्या आणि तिच्या बायका समुद्रात उलट्या शिरत.

लावणी करताना बाई पुढं चालत नाही. वाकून रोप रोवते आणि एक पाऊल मागं सरकते. जन्मभर पाण्यात मागं सरकायची सवय लागलेली ही माणसं. समोरून येणारी लाट बघितली की त्या वाळूकडं पळत सुटत. म्हणून आत्यानं शोध लावलेला: सगळ्यांनी हातात हात गुंफून एका ओळीत उभं राहायचं, पाठ समुद्राला, तोंड किनाऱ्याकडे, आणि एकेक पाऊल मागं. लाट पाठीवर आदळली की सगळी ओळ किंचाळून हसे. किनाऱ्यावरची शहरी पोरं पोट धरून हसत. एकानं मोबाइलवर चित्रण केलं आणि ते फिरत फिरत कर्जतला माझ्याच वर्गातल्या पोरांपर्यंत पोचलं. मी भीत भीत आत्याला दाखवलं. तिनं मोबाइल लांब धरून नीट बघितलं आणि म्हणाली, "चांगलं काडलंय. सगळ्यांची तोंडं आली."

मी तिला एकदा विचारलं होतं, की अशानं समुद्र दिसतच नाही, मग एवढ्या लांब यायचं कशाला?

"समुद्र अंगाला लागतो की. बघायचं असतं घर. घर दिसत राहिलं की मानूस बुडत नाय."

"आत्या, इथून कर्जत कुठं दिसतंय?"

"बघनाऱ्याला दिसतं," ती म्हणाली. पण गुडघ्याइतकं पाणी आलं की तिचं पाऊल थांबे. मग कुणी कितीही ओढलं तरी ती मागं सरकत नसे. बाकीच्या कमरेपर्यंत जात, ही आपली गुडघ्यावर लुगडं धरून उभी. यापुढं दिसत नाही म्हणे.

सगळ्या गावांत आत्याचं वैर होतं ते एका रेवदंड्याशी. गावाशी म्हणजे गावातल्या एका विहिरीशी. रेवदंड्याला पडक्या किल्ल्याच्या तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि तटापलीकडं काळसर वाळूचा किनारा. अशाच एका वाडीपाशी एकदा भरतचा टेंपो बंद पडला होता आणि वाडीच्या मालकिणीकडून आत्यानं पाणी मागितलं होतं. ही वाडीवाली उंचीपुरी, आवाजानं खणखणीत, आत्याच्याच वयाची. भात शिजला, आत्यानं घास घेतला आणि तिथल्या तिथं, घरधनिणीच्या तोंडावर, निकाल दिला: "खारट."

दुसऱ्या कुठल्या गावी असं झालं असतं तर तिनं ते गाव टाकलं असतं. रेवदंड्याला मात्र ती दरवर्षी जाऊ लागली. मुरुडला जायचं असो नाहीतर अलिबागला, टेंपो त्या वाडीशी थांबणारच. चूल पेटणार, भात शिजणार आणि आत्या म्हणणार, "खारट." वाडीवाली कमरेवर हात ठेवून विचारी, "मग येता कशाला?"

"सुदारलं का बघाला."

"आमची विहीर आहे ती, उनाड पोरगा नव्हे सुधारायला!"

दोघी एकमेकींवर डाफरत आणि डाफरता डाफरता एकमेकींच्या पिशव्या भरत. वाडीवालीनं दिलेले नारळ आत्या वर्षभर पुरवून वापरी. आत्याचा तांदूळ वाडीवाली सणालाच काढते, हे मला पुढं कळलं. पण तोंडानं कबूल करतील तर शपथ. आणि दोघी अशा पाण्यावरून भांडत असताना ते पाणी शेंदायला विहिरीवर कोण जातं, तिकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

विहिरीवर दिपाली जायची. आत्याची एकुलती एक लेक. शिकलेली, खोपोलीला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करणारी, आईसारखीच सावळी आणि आईपेक्षा निम्मं बोलणारी. आणि रहाट ओढायला हात द्यायचा वाडीवालीचा मुलगा, रोशन. तो नारळ उतरवायचा, वाडीतल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायचा आणि त्यांच्या जेवणाचं बघायचा. पोरगा हसरा, कामसू. तर एका दिवाळीत दिपालीनं फराळाच्या ताटावर सरळ सांगून टाकलं, की लग्न करीन तर रोशनशी.

आत्या चकली हातात धरून तशीच बसली. घर डोक्यावर घ्यायची तिची रीत नव्हती, ओरडाआरडा नाही, शिव्याशाप नाहीत. चकली ताटात परत ठेवून म्हणाली, "पोरगा चांगला हाय. वाडी चांगली हाय. त्याची आयबी तोंडानं फटकळ, पन मनानं बरी. पन त्यांचं पानी?"

आम्ही सगळे हसलो. मला वाटलं गंमत करते आहे. ती गंमत करत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी विहिरीवर कपडे धूत होते, तर ती शेजारी येऊन काठावर बसली. आत पाण्याकडे बघत बसली.

"मास्तरीण, ह्या पोरीला मी ह्या पान्यावर वाडवली. लहानपनी ताप आला तर दुसरं कायबी पोटात ठरत नसे, हे पानी ठरायचं. तिकडं हिला तान लागली तर?"

"अहो आत्या, आता तिथं घरोघर नळ आहेत."

"नळ काय, येतो आन् जातो. रात्री-बेरात्री पोरीला तान लागली तर ती विहिरीकडंच जानार ना? आन् खारट पानी पिऊन परत येऊन निजनार. आन् मला इकडं कळनारबी नाय." पदरानं तिनं डोळे पुसले. तिला रडताना मी तोवर कधी बघितलं नव्हतं. तांदूळ, टोप, निकाल, सगळ्या थट्टेच्या तळाशी हे होतं तर. एवढ्या गावांना नावं ठेवणारी ही बाई साधी घाबरली होती. मी कपडे तसेच टाकून तिच्या शेजारी जाऊन बसले.

पुढं तिनं जाहीर केलं, की बैठकीला जायचं, तांदूळ घेऊन. त्या विहिरीच्या पाण्यात भात झाला तर लगीन, नाही झाला तर नाही. गावाला वाटलं, नाही म्हणायची ही नवी तऱ्हा. दिपालीलाही तेच वाटलं. "आई, त्या पाण्यात भात कसा होतो ते तुला ठाऊक हाय. दरवर्षी तूच सांगतेस."

"म्हनूनच तर बघायचं."

त्यावर दिपालीनं आईशी बोलणं टाकलं. घरात भांड्यांचा तेवढा आवाज. तात्या एवढंच म्हणाले, "माज्या येळंला विहीर बघितलीस ते ठीक. आता पोराला बग." आत्या म्हणाली, "तुमाला काय कळतंय?" पण तिचा आवाज पडला होता.

संक्रांत झाल्यावर आम्ही निघालो. आत्या, तात्या, दिपाली, भरत आणि शिकलेलं माणूस संगं पायजे म्हणून मी. त्या दिवशी मला पहिल्यांदा ड्रायव्हरशेजारी बसवलं, पण त्याचं कौतुक वाटावं असा तो प्रवास नव्हता. खोपोली गेलं, पेण गेलं. नागावच्या सावलीत टेंपो शिरला तेव्हा आत्या स्वतःशीच म्हणाली, "हितलं असतं तर कसं बरं झालं असतं."

वाडीवालीनं अंगणात सडा घातला होता, कडक इस्त्रीचं पातळ नेसली होती. पोहे आले, नारळाच्या वड्या आल्या. आत्यानं कशाला हात लावला नाही. "आदी चूल." रोशन स्वतः हंडाभर पाणी घेऊन आला. थंडीचे दिवस, तरी पोरगा घामानं निथळत होता. आत्यानं तांदूळ धुतला, आधण ठेवलं, सवयीनं मिठाची चिमूट टाकली. सगळे त्या टोपाभोवती बसून होते. परीक्षेच्या निकालाला पालक बसतात, तसे.

झाकण काढलं. भात मोकळा, शीत न् शीत वेगळं. आत्यानं घास तोंडात घातला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती थांबली, पुन्हा एक घास घेतला. मिठाला अगदी बरोबर. वाडीवालीच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं होतं.

"हे पानी कुटलं?" आत्यानं विचारलं.

तिनं हंड्यात वाकून बघितलं.

"ह्या विहिरीचं नाय हे. मला इचारा, मी इतकी वर्सं खातेय."

वाडीवालीनं सावकाश मान वळवून मुलाकडे बघितलं. रोशन पायाच्या अंगठ्याकडे बघत पुटपुटला, "जारचं आहे. सकाळी आणून ठेवला."

आत्यापेक्षा त्याची आईच जास्त भडकली. "विहिरीची लाज वाटली तुला? तुझ्या आज्यानं खणलेली विहीर! माझ्या अंगणात मला खोटं पाडलंस!" आत्या मात्र ओरडली नाही. तिनं तांदळाची पुरचुंडी बांधली आणि उठली. "चला. पानी खारं असतं तर एकयेळ चाललं असतं. खोटं नाय चालायचं." तात्या उठले. भरत टेंपोकडे गेला. रोशनच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि वड्यांचं ताट तसंच पडलं होतं. संपलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात दिपाली उठली. तिनं आईच्या हातातून पुरचुंडी काढून घेतली आणि कुणाकडे न बघता विहिरीवर गेली. रहाट कुरकुरला. तिनं पाणी शेंदलं, टोप घासला, तांदूळ धुतला, चूल पुन्हा फुंकली. तिला थांबवायची कुणाची छाती झाली नाही. आत्या पायरीवर उभीच. आधण आलं, तसा तिचा हात आपोआप मिठाकडे गेला. दिपालीनं तो मनगटाशी धरला.

"मीठ नको, आई."

"बिनमिठाचा भात?"

"इथं मीठ पाण्यातच हाय. दरवर्षी तू वरून घालतेस."

आत्यानं हात मागं घेतला. मग वाडीवालीकडे वळली. "तुमी भातात मीठ घालत नाय?"

"कधीच नाही. या वाडीत कुणीच घालत नाही."

"मंग इतकी वर्सं बोलला का नाय?"

"विचारलंत कधी? आलात, घातलंत, खाल्लंत, नावं ठेवलीत, गेलात."

"आन् तुला गं कसं ठाऊक?" आत्यानं दिपालीला विचारलं.

"मी काकींच्या हातचं जेवलेय."

"कदी?"

"ते आता नको विचारूस," दिपाली म्हणाली, आणि तात्या मोठ्यानं हसले. एवढ्या मोठ्यानं हसलेले तात्या मी आधी ऐकले नव्हते. भरतही टेंपोपासून परत आला.

भात झाला. आत्या पुन्हा बसली. नुसता भात पुढं घेतला, वर काही नाही, शेजारी काही नाही. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. सावकाश ताट संपवलं आणि बोटं पुसली.

"इतकी वर्सं मीठ मीच घालीत व्हते," ती म्हणाली, "आन् नावं ह्या बाईच्या विहिरीला ठेवीत व्हते." मग रिकामं ताट वाडीवालीपुढं धरलं. "वाडा, विहीणबाय. आनखी थोडा वाडा."

विहीणबाई हा शब्द ऐकल्याबरोबर दिपाली, पदर नसल्यामुळं, तोंडाला ओढणी लावून आत पळाली. वाडीवालीला वाढताना दिसेना, इतकं तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आत्या रोशनकडे वळून म्हणाली, "आन् तू रं. पुन्यांदा ह्या घरात जार आनलास तर मी कर्जतवरून येऊन तो फोडीन." रोशननं आधी तिच्या आणि मग आपल्या आईच्या पाया पडून घेतलं, कारण त्याला दोन्हीकडची भीती होती. मग वड्यांचं ताट फिरलं. मी पाच खाल्ल्या.

लग्न कर्जतला झालं. त्याचं सांगत नाही, सगळ्यांची होतात तसं झालं. फक्त पाठवणीच्या वेळी आत्यानं लेकीच्या ओटीत तांदूळ घातला तो जुना.

पुढच्या हिवाळ्यात झोडणी आटोपली आणि टेंपो निघाला. कुठं जायचं हे कुणी विचारलंही नाही. माझी ती शेवटची सहल. उन्हाळ्यात मला माझ्या गावाकडची नोकरी मिळाली आणि मी कर्जत सोडलं. वाडीत चूल पेटली, भात झाला, बिनमिठाचा. आत्या म्हणाली, "जरा आळणी लागतोय." विहीणबाई म्हणाल्या, "घाला मग मीठ. तुमची सवय आहेच." बायका हसल्या. दिपाली वाढत होती. अंगानं भरली होती, बोलायला लागली होती, आणि बोलताना हाय-नायच्या मध्येच आहे-नाही येऊ लागलं होतं.

मग सगळ्या तटाच्या भगदाडातून किनाऱ्यावर गेल्या. हातात हात, एक ओळ, पाठ समुद्राला. मीही त्यांत होते. आता मला ओळीत जागा होती, आत्याच्या शेजारची. दिपाली आली नाही. ती भगदाडाच्या तोंडाशी, वाडीच्या कडेला, सगळ्यांचे कोरडे टॉवेल खांद्यावर घेऊन उभी राहिली. तिच्यामागं घराचं कौलारू छप्पर आणि चुलीचा धूर दिसत होता.

आम्ही मागं सरकू लागलो. घोटा, पोटरी, गुडघा. मी सवयीनं थांबले, कारण इथं आत्या थांबते. पण तिचा हात मला मागं ओढत होता. लाट आली, पाठीवर आदळली, बायका किंचाळल्या. आत्याला भान नव्हतं. मांडीपर्यंत पाणी आलं, कमरेपर्यंत आलं. तिचं लुगडं फुगून पाण्यावर तरंगत होतं आणि ती किनाऱ्याकडे एकटक बघत होती. तिथं दिपाली हात उंच करून टॉवेल हलवत होती.

"आत्या, बास!" ओळीतून कुणीतरी ओरडलं. "लई आत आलो!"

"थांब गं," आत्या म्हणाली, "अजून घर दिसतंय," आणि आणखी एक पाऊल मागं सरकली.